चित्रतारका आणि तारकाचिन्ह

डिसेंबर लागला की आपल्या बेटावर दोन गोष्टींना एकदम बहर येतो : फ्लांबोयांच्या झाडांना आणि बँकांच्या जाहिरातींना. झाडांचे कारण ऋतू. जाहिरातींचे कारण तेराव्या महिन्याचा पगार. वर्षअखेरचा हा जादा पगार देणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. तो हातात पडण्याआधीच कुठे ठेवावा, कशात गुंतवावा आणि त्याच्या भरवशावर आणखी किती कर्ज काढावे, हे सांगणारे फलक पोर्ट लुईपासून क्यूरपिपपर्यंतच्या हमरस्त्यावर उभे राहतात. फलकावर एक हसरे कुटुंब असते. घर नवे, मोटार नवी, मुलांच्या पाठीवर नवी दप्तरे. आजीसुद्धा हसत असते. आणि खाली कोपऱ्यात, चालत्या बसमधून कोणालाही वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत, आणखी काही ओळी असतात. वरच्या मोठ्या आकड्याच्या डोक्यावर एक छोटे तारकाचिन्ह असते, त्याचा खुलासा त्या ओळींत असतो.

वाचक बंधू-भगिनींनो, मला आज त्या कोपऱ्याविषयी लिहायचे आहे. आम्ही शिक्षक मुलांना कविता वाचायला शिकवतो, पत्रलेखन शिकवतो, समानार्थी शब्द पाठ करून घेतो. जाहिरात कशी वाचावी हे मात्र कोणत्याच इयत्तेत कोणी शिकवत नाही. वास्तविक आपले मूल दिवसाकाठी एखादी कविता वाचत असेल तर जाहिराती पन्नास वाचते, ऐकते आणि पाहते. आणि मोठेपणी त्याच्या हातून घराचे, मोटारीचे, लग्नाचे जे कर्ज होणार, त्याचे पहिले वाक्य त्याने जाहिरातीतच ऐकलेले असते.

आपल्या आजा-पणज्यांना बँकेच्या जाहिरातीची बाधा नव्हती, कारण बँकेलाच त्यांची गरज नव्हती. मॉरिशस कमर्शियल बँक १८३८ साली स्थापन झाली. कोकणातली आपली माणसे ऊसमळ्यांवर येऊ लागली तो काळही त्याच्याच मागेपुढे. पण त्या बँकेचे दार मळेवाल्यांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी होते. मजुराची बचत म्हणजे बायकोच्या हातातली बांगडी, गोठ्यातली गाय आणि शेजारपाजारची सीट. सीट म्हणजे महाराष्ट्रात ज्याला भिशी म्हणतात तीच. दहाबारा जणांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यायची आणि पाळीपाळीने एकाने सगळी उचलायची. तिला ना व्याज, ना कागद. कोण पैसे बुडवील आणि कोण नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक असे, हीच तिची हमी. १९१३ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि छोट्या ऊस-बागायतदाराला सावकाराशिवाय दुसरे एक दार मिळाले. पुढे १९६२ साली बँक ऑफ बडोदा आली, १९६७ साली मध्यवर्ती बँक उभी राहिली, आणि स्वातंत्र्यानंतर १९७३ साली स्टेट बँक. मग कुठे पासबुक नावाची वस्तू आपल्या घरांतल्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली जाऊन बसली.

तोपर्यंत बँकेची जाहिरात म्हणजे बँकेची इमारत. दगडी भिंती, जाड खांब, आत पितळी जाळी. बँक जे विकते ते दिसत नाही. साखरेचे पोते हात घालून बघता येते, कापड चोळून बघता येते, पण भरवसा कसा बघणार? म्हणून भिंत जाड करायची. आजही ही रीत गेलेली नाही. एबेनजवळ हमरस्त्याच्या कडेला खांबांवर तोललेली ती अंडाकृती इमारत दिसते, किंवा पोर्ट लुईत मध्यवर्ती बँकेचा उंच मनोरा दिसतो, तेव्हा माझ्या मते त्या इमारतीही बोलतच असतात. ही पडणार नाही, असे त्या सांगतात.

भिंतीची जागा चेहऱ्याने कधी घेतली? नेमकी तारीख सांगता येत नाही, पण एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. २७ जून १९६७ रोजी उत्तर लंडनमधील एनफिल्ड येथे बार्कलेज बँकेने भिंतीतून पैसे देणारे यंत्र प्रथम सुरू केले. त्या यंत्रातून पहिली रक्कम काढण्याचा मान कोणाला दिला? बँकेच्या अध्यक्षांना नव्हे, अर्थमंत्र्यांनाही नव्हे. तो दिला रेग व्हार्नी या विनोदी नटाला. 'द रॅग ट्रेड' या दूरदर्शन मालिकेमुळे त्याचा चेहरा घरोघरी ओळखीचा होता. हे यंत्र बनवणारे जॉन शेफर्ड-बॅरन हे भारतात, शिलाँग येथे जन्मलेले गृहस्थ. त्यांच्या यंत्रात कार्ड नव्हते. किंचित किरणोत्सर्गी शाई लावलेला कागदी चेक त्यात घालावा लागे आणि एका वेळी १० पौंड मिळत. गुप्त आकडा त्यांनी आधी सहा अंकी ठरवला होता. पत्नीने स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून सांगितले, मला चारच लक्षात राहतील. म्हणून तो चार अंकी झाला, असे ते स्वतः सांगत. आज जगात पुष्कळांच्या खिशातल्या कार्डाला चार अंक आहेत त्यामागे, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, ती बाई आहे!

असो. मुद्दा नटाचा. बँकेला माहीत होते की भिंतीतल्या लोखंडी पेटीवर लोक भरवसा ठेवणार नाहीत. पण रोज संध्याकाळी आपल्याला हसवणारा माणूस तिथे हात घालतो आहे असे दिसले की भीती जाते. यात फसवणूक काही नव्हती. यंत्र चांगलेच होते. परंतु धंद्याला एक युक्ती सापडली : जो भरवसा हिशेबाने मिळवायला दहा वर्षे लागतात तो ओळखीच्या चेहऱ्याकडून एका सकाळपुरता उसना मिळतो.

जाहिरातलेखकांमध्येही या युक्तीबद्दल एकमत नाही. डेव्हिड ओगिल्वी या नामांकित जाहिरातलेखकाने १९६३ साली आपल्या धंद्याचे कबुलीजबाब लिहिले. तरुणपणी पॅरिसच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आणि नंतर स्कॉटलंडमध्ये दारोदार चुली विकणारा असा हा माणूस. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की गिऱ्हाइकाला मूर्ख समजू नका, त्याला माहिती द्या, आणि आपल्या घरच्यांनी वाचू नये असे वाटेल ती जाहिरात लिहू नका. १९५८ साली रोल्स-रॉईस मोटारीसाठी त्याने जी जाहिरात लिहिली तिच्यात एकही नट नव्हता. होती ती फक्त मोटारीची वस्तुस्थिती, मुद्द्यामागून मुद्दा. बँकेने अशी जाहिरात करावी असे मला फार वाटते. व्याज किती, शुल्क किती, मुदतीआधी पैसे काढले तर काय कापले जाईल, हे मुद्द्यामागून मुद्दा. पण मोटार विकणाऱ्याला जे परवडते ते कर्ज विकणाऱ्याला परवडत नसावे.

दुसऱ्या टोकाला मुंबईच्या अमूल लोण्याचे फलक. ठिपक्यांचा झगा घातलेली ती मुलगी १९६६ पासून चित्रपट, क्रिकेट आणि राजकारणावर कोट्या करीत आली आहे. त्या फलकांसाठी काम केलेल्यांत भरत दाभोळकर हे मराठी नाव आहे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. मला स्वतःला ते फलक आवडतात. चालू घडामोडींवर विनोद करून वस्तू विकण्यात गैर काही नाही, पण वस्तू कोणती ते पाहावे. लोणी पसंत पडले नाही तर एका पावाचे नुकसान. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे तसे नाही.

भारतातील बँकांनी तर नट-नट्यांचा दरबारच भरवला आहे, आणि हिंदी वाहिन्या इथे घरोघरी दिसत असल्याने त्यातले पुष्कळसे आपल्याही दिवाणखान्यात येते. ऑक्टोबर २०२२ मधली एक गोष्ट घ्या. एयू स्मॉल फायनान्स बँकेच्या एका जाहिरातीत आमिर खान आणि कियारा अडवानी नवविवाहित दांपत्य म्हणून दिसले. मुलीच्या आजारी वडिलांकडे लक्ष देता यावे म्हणून नवरदेव सासरी राहायला जातो आणि उंबरठ्यावर पहिले पाऊल तो टाकतो, अशी ती कथा. झाले! रीतिरिवाजांचा अपमान झाला म्हणून एकच गदारोळ उठला. मध्य प्रदेशच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनीही नापसंती कळवली. दुसऱ्या बाजूने स्त्रीपुरुष-समतेचे समर्थक सरसावले. पुष्कळ शाई आणि पुष्कळ श्वास खर्च झाला. माझे मत विचाराल तर जावई सासऱ्याच्या सेवेला गेला तर त्यात संस्कृतीचे काहीही बिघडत नाही. पण या सगळ्या वादात, ही बँक बचत खात्यावर व्याज किती देते हा प्रश्न मला कोणी विचारलेला दिसला नाही. बँकेचे नाव मात्र सर्वांच्या तोंडी झाले. भांडणारे दोन्ही पक्ष फुकट जाहिरात करीत होते.

याहून बोलके उदाहरण अमेरिकेचे आहे. ते बँकेचे नव्हे, आभासी चलनाच्या बाजाराचे. पण पैसा सामान्य माणसाचाच. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात एफटीएक्स नावाच्या कंपनीने एक जाहिरात दाखवली. लॅरी डेव्हिड हा विनोदी नट त्यात युगायुगांतून प्रत्येक नव्या शोधाला नाक मुरडणारा माणूस होतो. चाक नको, काटा-चमचा नको, विजेचा दिवा नको. शेवटी त्याला ही कंपनी दाखवतात आणि तो तिलाही नको म्हणतो. जाहिरातीचा उपदेश असा की याच्यासारखे होऊ नका, संधी दवडू नका. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि तिच्या संस्थापकाला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे त्या जाहिरातीत खरे बोलणारा एकच होता, आणि त्यालाच मूर्ख ठरवले होते. आपल्याकडे जी म्हातारी माणसे प्रत्येक नव्या योजनेला आधी नाही म्हणतात, त्यांना हसण्यापूर्वी हे आठवावे.

मग नटाची काही जबाबदारी आहे की नाही? भारताने या प्रश्नाला उत्तर दिले आहे. तिथल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला चेहरा देणाऱ्यालाही पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एक वर्षापर्यंत जाहिराती करण्यास बंदीही घालता येते. जो म्हणेल की मी आधी चौकशी केली होती आणि ते सिद्ध करील, तो सुटतो. कायदा मला योग्य वाटतो. तुमच्या चेहऱ्याला भरवशाचे भाडे मिळत असेल तर त्या भरवशाचे थोडे ओझेही तुमच्या खांद्यावर हवे.

बारीक अक्षरांचे आणखी एक सख्खे भावंड आहे, ते म्हणजे भरधाव वाचन. म्युच्युअल फंडाच्या भारतीय जाहिरातीच्या शेवटी बाजाराच्या जोखमीचा इशारा असा काही सुसाट वाचला जाई की तो माणूस बोलतो आहे की आगगाडी पूल ओलांडते आहे हे कळू नये. अखेर २००८ साली तिथल्या नियामक मंडळाला फर्मान काढावे लागले की हा इशारा निदान पाच सेकंद दाखवावा आणि ऐकवावा. पाच सेकंद! बाकीची पंचवीस सेकंदे सूर्योदयाला आणि सनईला.

आपल्या बेटावर या सगळ्यात आणखी एक अडचण भर घालते, ती भाषेची. २००२ साली खासगी नभोवाणी केंद्रे सुरू झाली, आणि तेव्हापासून जाहिरात क्रिओल बोलू लागली. वर्तमानपत्रात ती फ्रेंच बोलते. दिवाळीच्या सुमारास एखादी पणती आणि रांगोळी घालून ती भारतीय होते. पण शाखेत जाऊन सही करायची वेळ आली की समोर येतो तो करारनामा असतो इंग्रजी, आणि इंग्रजीही वकिली. म्हणजे आमंत्रण आपल्या मायेच्या बोलीत आणि अटी परक्या भाषेत. ज्यांचे शिक्षण सहावीपर्यंत झाले, ऊस तोडण्यात किंवा शिवणाच्या कारखान्यात ज्यांची जिंदगी गेली, त्यांनी काय वाचावे?

आमच्या ओळखीचे एक काका आहेत. आयुष्यभर मळ्यावर काम केले. निवृत्त झाल्यावर एकरकमी पैसे आले ते घेऊन बँकेत गेले. कोणती बँक ते सांगण्याचे कारण नाही. मनात इतकेच होते की मुदतठेव करावी, व्याजावर औषधपाणी चालावे आणि नातीच्या लग्नाला मुद्दल राहावे. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने 'तोंतों, तोंतों' करीत खुर्ची दिली, कॉफी विचारली आणि ठेवीहून चांगले असे काहीतरी समजावले. काकांनी सही केली. आठ महिन्यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे काढायला गेले तेव्हा समजले की पाच वर्षे होण्याआधी पैसे काढले तर मोठी रक्कम कापली जाईल. कागद घेऊन ते आमच्याकडे आले. म्हणाले, "पोरी, तू मास्तरीण आहेस, यात काय लिहिलंय ते मराठीत सांग." मी दोन रात्री तो कागद वाचला. त्यात खोटे काहीही नव्हते. कापली जाणारी रक्कम चौथ्या पानावर अगदी स्पष्ट दिली होती. मी काकांना म्हटले, "काका, हे तुम्हाला तेव्हा वाचून दाखवलं नाही का?" ते म्हणाले, "वाचलं की. भरभर वाचलं. मला वाटलं, एवढा शिकलेला मुलगा तोंतों म्हणतो, तो वाईट कशाला सांगेल?" शस्त्रक्रियेचा खर्च शेवटी मुलाने सीटचा नंबर आधी घेऊन भागवला. सीटमधल्या बायकांनी पाळी बदलून दिली. त्यासाठी कोणी शुल्क घेतले नाही.

'तोंतों' या शब्दावर मी पुष्कळ विचार केला. तो अधिकारी वाईट होता असे मी म्हणणार नाही. त्यालाही महिन्याला अमुक इतके खाते उघडण्याचे लक्ष्य असणार. पण काका-मावशी ही नाती आपण ज्या विश्वासाने जपतो, तोच विश्वास विक्रीच्या कामाला लावला गेला. फलकावरच्या हसऱ्या आजीत आणि कॉफी विचारणाऱ्या त्या मुलात मला फारसा फरक दिसत नाही.

आणि ही एकट्या काकांची गोष्ट असती तर मी वर्तमानपत्रात लिहिली नसती. एप्रिल २०१५ चे ते दिवस वाचक विसरले नसतील. महिन्याच्या अगदी सुरुवातीला मध्यवर्ती बँकेने ब्रॅमर बँकेचा परवाना रद्द केला आणि त्याच समूहाच्या विमा कंपनीवर नियंत्रक नेमले गेले. सकाळी शाखांपुढे माणसे उभी होती. त्या कंपनीच्या ज्या योजनेत असंख्य कुटुंबांची आयुष्याची पुंजी होती तिचे नाव होते 'सुपर कॅश बॅक गोल्ड'. सरकारचे ते पाऊल बरोबर की चूक, समूह खरोखर बुडीत होता की नव्हता, यावर पुढे वर्षानुवर्षे राजकारणात आणि न्यायालयांत वाद झाले. समूहाच्या प्रमुखांनी आरोप कधीच मान्य केले नाहीत. त्यात मी पडत नाही. मी भाषा शिकवणारी आहे, म्हणून फक्त नावाकडे पाहते. 'सुपर', म्हणजे इतरांहून श्रेष्ठ. 'कॅश', रोकड. 'बॅक', परत मिळणारी. 'गोल्ड', सोने. चार शब्द, आणि चारही शब्दांनी आपल्या आजीच्या मनातल्या चार इच्छा अचूक हेरल्या आहेत. त्यात 'विमा' हा शब्द नाही. 'गुंतवणूक' नाही. 'जोखीम' तर नाहीच. पुष्कळांच्या बोलण्यात ती साधी ठेवच होती. सरकारने नंतर टप्प्याटप्प्याने परतफेडीची व्यवस्था केली आणि बँकेचा व्यवहार दुसऱ्या सरकारी बँकेकडे गेला, तीच पुढे २०१६ पासून माऊबँक झाली. पण पैसे हाती येईपर्यंत त्या घरांनी ज्या रात्री काढल्या त्यांचा हिशेब कोणत्या विवरणपत्रात मांडणार? त्याआधी दोनच वर्षे, २०१३ साली, भरमसाट परताव्याच्या बनावट योजना उघडकीस आल्या होत्या. त्यांत तर तोंडी जाहिरातच पुरली. शेजाऱ्याला मिळाले म्हणून आपणही घातले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की प्रत्येक नवी गोष्ट फसवी नसते. मॉरिशस कमर्शियल बँकेने २०१३ साली भ्रमणध्वनीवरून पैसे पाठवण्याची सोय आणली आणि तिला 'जूस' असे फळांच्या दुकानात शोभेल असे नाव दिले. मी तेव्हा हसले होते. आज भाजीबाजारातल्या मावशीसुद्धा सुटे नसले की म्हणतात, पैसे 'जूस' कर. नामाचे क्रियापद झाले! व्याकरणाच्या तासाला याहून चांगले उदाहरण नाही, आणि कोणत्याही जाहिरातलेखकाला याहून मोठे बक्षीस नाही. लोकांनी ते स्वीकारले कारण ते कामाचे निघाले. तसेच भारताच्या रिझर्व्ह बँकेने अमिताभ बच्चन यांचा चेहरा आणि आवाज वापरला तो खात्याची गुप्त माहिती कोणाला सांगू नका, फसवणूक झाली तर ताबडतोब बँकेला कळवा, हे सांगण्यासाठी. त्याच आवाजाने कोणी साबण विकतो, कोणी सोने विकतो. इथे तो सावध करायला वापरला. मला ही नटाची सर्वांत चांगली भूमिका वाटते.

वर्तमानपत्रांनाही जाहिरातीवाचून चालत नाही, हे मी जाणून आहे. कदाचित याच अंकात पुढच्या पानावर एखादी बँक हसत असेल. ती जाहिरात आहे म्हणून हे पान आहे. तेव्हा जाहिराती बंद करा असे मी म्हणत नाही, त्या वाचा असे म्हणते. पूर्ण वाचा.

वाचण्याची रीत मी सहावीच्या मुलांबरोबर करून पाहिली. प्रत्येकाने घरून एक जाहिरात आणायची. आधी चित्रावर हात ठेवायचा आणि उरलेले वाचायचे. मग विशेषणे खोडायची : सोपे, झटपट, स्वप्नातले, खास. मग तारकाचिन्ह शोधायचे आणि त्याचा खुलासा मोठ्याने, सावकाश वाचायचा. बहुतेक जाहिरातींत विशेषणे खोडल्यावर एक आकडा आणि एक तारका एवढेच उरले. एका मुलीच्या कागदावर तर फक्त बँकेचे नाव उरले आणि ती रडवेली झाली; तिला वाटले आपलेच काहीतरी चुकले.

मग आम्ही फळ्यावर हिशेब केला. आकडे मीच घेतले होते. एक लाख रुपये कर्ज, दर साल शेकडा ८ असा 'सपाट' दर, मुदत पाच वर्षे. मुले म्हणाली, सोपे आहे : वर्षाला ८ हजार, पाच वर्षांचे ४० हजार, एकूण १ लाख ४० हजार, भागिले ६०, म्हणजे महिन्याला सुमारे २,३३३. बरोबर. आता विचार करा, मी विचारले, पहिल्या वर्षानंतर मुद्दलाचा काही भाग फेडला, तरी व्याज कितीवर लागते आहे? थोडा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो गणितात कधी हात वर करीत नाही, म्हणाला, "बाई, परत दिलेल्या पैशांवरपण व्याज?" होय. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर तो आठाचा दर सुमारे चौदा निघतो. त्या मुलाचे वडील बांधकामावर गवंडी आहेत. दुसऱ्या दिवशी त्याने घरच्या दूरचित्रवाणी संचाच्या हप्त्यांचे कार्ड दप्तरातून आणले आणि म्हणाला, "बाई, याचा काढा."

आम्ही काढला. आकडा इथे देत नाही, तो त्यांच्या घरचा आहे. त्या दिवसापासून वर्गाने एक प्रश्न पाठ केला आहे, मराठीत नव्हे, क्रिओलमध्ये, कारण तो दुकानात आणि बँकेत विचारायचा आहे : आंतू मो पू पेय कोम्ये? सगळे मिळून मला किती भरावे लागतील? त्याच्या जोडीला आणखी दोन आहेत. पैसे मध्येच हवे झाले तर किती कापाल? आणि हा कागद दोन दिवस घरी नेऊन वाचू का? तिसऱ्या प्रश्नाला जो नाही म्हणेल त्याच्याकडे सही करायची नाही, असे मुलांनी आपणहून ठरवले. काकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी तिन्ही प्रश्न माझ्याकडून एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतले. चिठ्ठी त्यांनी पासबुकात ठेवली आहे.